कक्ष एकतीसची विरळणी

४ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, गुडघा सोडून. पत्राचं कारण मात्र ठीक नाही. आज सकाळी आम्ही फिरणारी मंडळी जंगलाच्या फाटकाशी पोचलो, तर तुझ्या कार्यालयाची नोटीस ठोकलेली. कक्ष एकतीसमधली निम्मी झाडं तोडून लिलावात काढणार, तोवर पायवाट बंद. खाली सही तुझी. आत बघतो तर खोडाखोडावर तोडीच्या खुणेचे पांढरे पट्टे. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मी इथला वनाधिकारी असताना या पाइनचं एकेक रोप उभं राहून लावून घेतलं. हे तुला ठाऊक असून मला ते फाटकावर वाचावं लागलं. आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी सगळ्यांदेखत विचारलं, ही सही तुमच्याच मुलीची ना. मान खाली घालून हो म्हणालो. मग मंडळींनी विरोधाची समिती काढली, अध्यक्ष मला केलं, आणि मीही झालो. सरकारी जंगल सगळ्यांचं असतं, खात्याच्या तिजोरीचं नव्हे, हे तुला लहानपणी मीच शिकवलं होतं. तुझी आई म्हणते, बापलेकीच्या भांडणात मला ओढू नका.

वेळेवर जेवत जा. राग आहे तेवढाच लोभही आहे.

बाबा


९ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला आधी कळवलं नाही, ही माझी चूक. बाकी मी एक शब्द मागे घेणार नाही. ती झाडं इतकी खेटून लावली आहेत की उन्हाचा कवडसा जमिनीपर्यंत पोचत नाही. खाली गवताची काडी नाही, वर पाखरू नाही. विरळणी केली तर उरतील ती झाडं अंग धरतील, खाली दुसरी रोपं उगवतील, आणि लाकडाच्या पैशातून तुमच्याच मोडक्या पायवाटा दुरुस्त होतील. हे मी तुम्हाला सांगायचं?

रागाच्या भरात मी कार्यालयातली जुनी कपाटं उघडली. पाइनच्या आधी तिथे काय होतं ते तुमच्याच अक्षरात सापडलं. ‘ओढ्याकाठचे निरुपयोगी मिश्र जंगल साफ केले.’ दोन माणसांच्या कवेत न मावणारी खोडं होती, तेही त्याच कागदावर आहे. मला तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत. समितीला तरी सांगितलंत का?

आईला नमस्कार. चिडले तरी लेक तुमचीच, हे असू द्या.

ठमी


१६ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस उत्तराचे कागद लिहून फाडले. मजकूर वरून आला होता, असं लिहायला बसलो होतो. पण अक्षर माझं आणि ‘निरुपयोगी’ हा शब्दही माझाच.

तिसऱ्या दिवशी खोडं मोजायची टेप घेऊन कक्षात शिरलो. विरळणी म्हणजे काय हे विसरण्याइतका म्हातारा झालेलो नाही. त्यात वाकडी, रोगट, दाटीत दबलेली झाडं काढतात. तुझे पट्टे आहेत ते सरळसोट, जाडजूड झाडांवर. वेडीवाकडी सगळी राखलेली. याला विरळणी म्हणत नाहीत, दुधावरची साय ओरपणं म्हणतात. पट्ट्याची शंभर झाडं तपासली, त्र्याऐंशी चुकीची. यादी सोबत आहे. सही करण्याआधी तू स्वतः आत गेली होतीस का? खुर्चीतून जंगल दिसत नाही.

आज शेवटी लोभाचं काही लिहवत नाही.

बाबा


२४ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

गेले नव्हते. तुमचं पत्र मिळताच गेले. तुमची यादी हातात घेऊन झाड न् झाड पाहिलं. विक्री विभागाच्या साहेबांनी उत्पन्नाचा आकडा गाठायला माझ्या माणसांना परस्पर जाडी झाडं निवडायला सांगितलं, आणि मी न बघता सही केली. लिलाव थांबवला आहे. साहेबांनी बोलावून विचारलं, हे शोधून काढणारा कोण. वडील म्हटल्यावर हसून म्हणाले, निवृत्तांना वेळ भरपूर असतो. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, त्यांना नजरही आहे, आणि ती या कार्यालयात कुणाकडे उरलेली नाही, माझ्याकडेही नाही. माझ्या बदलीचं बघतो म्हणाले. बघू देत.

जुने पट्टे खरवडून योग्य झाडांवर नवे मारले. पैसे निम्मेच येतील. पाच तारखेला तोड सुरू होईल. माझ्या सहीने पडणारं हे पहिलंच झाड. दोन दिवस जेवण जात नाही, हे आईला सांगू नका.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

ठमी


२९ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

काल समितीची सभा झाली. मी उभा राहून सगळं सांगितलं. आधीचं जंगल मी तोडलं, आताचे पट्टे चुकले होते ते तू दुरुस्त केलेस, आणि ही तोड व्हायलाच हवी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, शेवटी लेकीचीच बाजू घेतलीत. अध्यक्षपदावरून मला तिथल्या तिथे काढलं. आज सकाळी फिरायलाही कुणी सोबत घेतलं नाही. संताप झाला, पण त्यांचा कमी आणि माझाच जास्त. चव्वेचाळीस वर्षं गप्प बसलेल्या माणसावर कुणी का विश्वास ठेवावा?

पाच तारखेला सकाळी मी फाटकाशी येतो. गुडघ्याचं कारण पुढे करू नकोस. ओढ्याकाठचं पहिलं झाड माझ्या सहीने पडलं, तेव्हा माझ्याजवळ कुणी नव्हतं. तू एकटीने उभं राहायचं नाहीस.

बाबा