साडेसात कोयते

मंगळवार, संध्याकाळ

सातवीच्या पोरांना शाब्दिक उदाहरणावरून समीकरण मांडताच येईना. म्हणून आज तांड्यातलंच उदाहरण घातलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. टोळीत पंधरा माणसं, तर कोयते किती? पोरांनी झटक्यात मांडलं, दोन क्ष बरोबर पंधरा. उत्तर साडेसात! आकडा माझाच चुकला म्हणून पुसायला गेलो, तर सगळी ओरडली, "राहू द्या सर, एकट्या माणसाचा अर्धा कोयता असतोय." किती खूश झालो मी!

तेवढ्यात सविता उठली. "तो अर्धा माझ्या बापाचा हाय सर. मायचा हात मोडला न्हाई का. यंदा बापासंग मीच चालले." तिनं पंधराचे सोळा केले. क्ष बरोबर आठ.

शाळा सुटल्यावर तिच्या बापाकडं गेलो. पोरीला ठेवून जा म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "अर्ध्या कोयत्यात भागत न्हाई सर. तुमी येता का संग?"

तो अर्धा डोक्यातून जात नाही. आणि वर्गात, पोरं माझ्याकडं बघत होती म्हणून, मी तिच्या आठवर बरोबरची खूण केली.