चंद्रप्रकाशची काळी पट्टी

चारकोप, कांदिवली पश्चिम
ऑगस्ट १९८८

तीर्थरूप नानामामांच्या चरणी भाचा जयवंत याचे दंडवत.

इकडे सर्व खुशाल आहे, म्हणजे आई, बाबा आणि शकु खुशाल आहेत. माझं पुढे लिहितो. मामींचा गुडघा कसा आहे? (वैद्याचं तेल लावतात की ते अजून बाटलीतच मुरतंय?) काळी गाय व्यायली का? पडवी गळत होती ती शाकारून घेतलीत ना? तुम्ही म्हणाल, या पोराला गुडघ्याची आणि गाईची एवढी काळजी कधीपासून लागली. तसं काही नाही, मामा. भाच्याने चौकशी करू नये की काय?

खरं सांगायचं तर मी जळतो आहे. रागावलेला माणूस भांडतो, दुःखी माणूस रडतो, जळणाऱ्याला मात्र चारचौघांत हसत बसावं लागतं. माझे गाल दुखायला लागले म्हणून हे पत्र.

ज्याच्यावर जळतो त्याचं नाव चंद्रप्रकाश. गोवंडीला राहतो, उंच आहे, केस मागे वळवतो, आणि आमच्या ऑर्केस्ट्रात माझंच वाद्य वाजवतो. बेस गिटार म्हणजे काय ते तुम्हाला शिमग्याला आलो होतो तेव्हा सांगितलं होतं (तुम्ही तिला चार तारांचा नांगर म्हणालात आणि मामी अजून तसंच म्हणतात). चार जाड तारा, लांब मान, आणि त्या मानेवर लाकडाची एक पट्टी. तिला फिंगरबोर्ड म्हणतात. तार त्या पट्टीवर दाबली की खालून ढुम्म करून खर्ज निघायला हवा. गाणारी सगळ्यांना दिसते, ढोलकीवाला दिसतो, बेसवाला कुणालाच दिसत नाही. पण त्याची पट्टी बिघडली की सगळ्या मंडपाला कळतं.

माझी बिघडली. घाटकोपरच्या एका वादकाने वाजवणं सोडलं तेव्हा त्याची गिटार मी घेतली, तीच मुळी झिजलेली. तारांनी पट्टीत चर पाडले होते आणि खर्जाच्या जागी कुणीतरी घोरल्यासारखं ऐकू येई. नवी पट्टी बसवायची, पण कसल्या लाकडाची? यात वाजवणाऱ्यांचे पंथ आहेत. शिसववाले म्हणतात आमचा आवाज गोड, आबनूसवाले म्हणतात आमचा टणक, आणि मेपल नावाचं पांढरट परदेशी लाकूड चांगलं म्हणणाऱ्यांनी ते फक्त मासिकातल्या फोटोत पाहिलेलं असतं. माझा पंथ मिळेल ते बसवणाऱ्यांचा.

पहिल्यांदा मिळालं ते फणसाचं, तुम्हीच पाठवलेलं. त्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. ओलं होतं, एवढंच म्हणतो. आईने ते स्टोव्हजवळ पापडांच्या शेजारी वाळवलं (पापड उत्तम वाळले). इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटीत शोकेस बनवणारा धोंडिराम सुतार आहे, त्याने ते रंधून मानेवर चिकटवलं आणि त्यावर सुरांचे पडदे, म्हणजे धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या, ठोकले. दोन रविवार झकास वाजलं. मग पाऊस लागला, आणि पट्टी मानेसकट अशी वाकली की तारांच्या खालून हात जाईल. शकु म्हणाली, दादा, यावर निदान कपडे तरी वाळत घालता येतील.

दुसरी पट्टी सागवानाची. पॉलिश करू नकोस असं धोंडिरामला मी शंभरदा बजावलं आणि तो शंभरदा हो साहेब म्हणाला. पण शोकेसवाल्याला उघडं लाकूड बघवत नाही. त्याने चांगले जाड हात चढवले. मुलुंडला एका सोसायटीच्या पूजेच्या कार्यक्रमात डोक्यावरच्या दिव्यांनी ते पॉलिश मऊ झालं आणि माझी बोटं पट्टीला चिकटली. अनुपमा (आमची गायिका. मुलगी चांगली आहे, पण तो विषय आत्ता नको) कडवं संपवून पुढे गेली आणि मी मुखड्यातला सा धरून मागेच. श्यामकांत मास्तरांनी, म्हणजे आमच्या पार्टीच्या मालकांनी, माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्याच कार्यक्रमाला चंद्रप्रकाश आला. भावाने मस्कतहून आणलेली गिटार, आणि तिच्यावर आबनुसाची काळीभोर पट्टी. मी मनाशी म्हटलं, बूटपॉलिश असणार. तो चहाला गेल्यावर रुमाल ओला केला आणि खसाखसा घासून पाहिलं. रुमाल पांढराच राहिला. मामा, स्वच्छ रुमाल पाहून मला आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात तो परत आला. दुसरा कुणी असता तर त्याने माझी कॉलर धरली असती. हा म्हणाला, "थँक्यू यार, कधीची पुसायची राहिली होती. वाजवून बघ ना तू!"

मी वाजवली. पट्टी थंड, गुळगुळीत, बोट ठेवलं की आपोआप पुढे सरकावं अशी. असा स्पर्श आपण पूर्वी कुठेतरी अनुभवलाय असं सारखं वाटत राहिलं. कुठे, ते घरी आल्यावर आठवलं. असो. मागून अनुपमा म्हणाली, "जयवंत, आज काय गोड वाजवतोयस रे!" हे कौतुक माझं की पट्टीचं, याचा मी अजून विचार करतोय. आणि वर हा काय म्हणतो? आबनूस जरा टणकच वाजतं, मला खरं तर शिसव हवं होतं, कुठे मिळत नाही. पुरणपोळी पानात पडलेल्याने भाकरीसाठी उसासे टाकावेत तसं. हा माणूस निदान वाईट तरी असायला हवा होता. चांगल्या माणसावर जळणं फार जड जातं.

आता गणपतीत बोरिवलीला एका मोठ्या मंडळाचा कार्यक्रम आहे. बेसची जागा एक. मास्तर गोकुळाष्टमी झाली की दोघांना ऐकणार, एकाला ठेवणार, आणि जो राहील तो कायमचा. ती जागा गेली तर मी फक्त औषधांच्या कंपनीत खोक्यांवर लेबलं लावणारा जयवंत उरेन. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा ते कितीतरी दिवस सकाळी डबा भरून घेत (आणि आई रोजच्यासारखा भरून देई). तसा मी संध्याकाळी गिटार पुसत बसेन, याची मला भीती वाटते.

मामींना साष्टांग नमस्कार, गाईला गूळ. बाकी माझं काही मागणं नाही.

आपला भाचा,
जयवंत

ता. क. मागणं एक आहे. तुमच्या माजघरातलं शिसवी मुसळ. तोच तो स्पर्श! पणजीपासून मामींपर्यंत सगळ्यांच्या तळव्यांनी घासून गुळगुळीत झालेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं. ते आता वाकणार नाही, आणि त्याला पॉलिश लावायची धोंडिरामचीसुद्धा छाती होणार नाही.

ता. क. २. आईला हे कळलंय. ती म्हणते, "तां मुसळ घाण्याचां आसा. तुझ्या लग्नात हळद कित्यान कांडूची? गिटारान?" आपल्याकडच्या प्रत्येक लग्नाचा घाणा त्याच मुसळाला आंब्याची पानं बांधून भरलाय, मला मान्य आहे. पण जागा गेली तर माझं लग्न तरी कुठून होणार? (मामींना सांगताना इथूनच सुरुवात करा.)

ता. क. ३. मुसळ पोस्टाने येत नाही आणि मला रजा नाही. चंद्रप्रकाशच्या बहिणीचं सासर कणकवलीला, म्हणजे तुमच्यापासून जवळच. भाच्याच्या बारशाला तो तिकडे निघालाय. शिसव शोधत तो धोंडिरामकडे गेला, तिथे त्याला मुसळाचं कळलं आणि आपणहून म्हणाला, मी आणतो ना खांद्यावर टाकून. कशासाठी हवंय हे माहीत असून म्हणाला. तेव्हा हे पत्र देऊन तुमच्या पडवीत जो उंच मुलगा उभा आहे, तो तोच. तुम्हाला पत्र मोठ्याने वाचायची सवय आहे. तसं वाचत असाल तर इथेच थांबा. (आणि चंद्रप्रकाश, तू ऐकलंच असशील तर रुमालाचं तेवढं अनुपमाला सांगू नकोस.) त्याला घावणे खाऊ घाला. मामी म्हणतील, किती गुणी पोर! म्हणू देत, फक्त मला कळवू नका.

ता. क. ४. धोंडिराम म्हणतो, मुसळ मधोमध चिरलं की त्यातून दोन पट्ट्या निघतील. हे चंद्रप्रकाशला मुळीच सांगू नका.

ता. क. ५. बरं, सांगा. एवढ्या लांबून खांद्यावर आणणार आहे तो. पण दोन्हींतली जिच्यात लाकडाच्या रेषा सरळ असतील ती पट्टी माझी, हेही त्याच दमात सांगून टाका.