रोमचा वाढदिवस आणि देबोराच्या चुका

९ मार्च
सभेनंतर फादर ओरेस्ते यांनी मला चर्चच्या दाराशी गाठलं. एकवीस एप्रिलची फेरी यंदा देबोरा नेणार म्हणे. रोमचा वाढदिवस, आणि आमच्या पेठेला रोम दाखवणार कोण, तर देबोरा! निवृत्त झाल्यापासून ही फेरी मीच नेत आले.
"बाई, तुम्हालाही विश्रांती हवी," फादर म्हणाले. "शिवाय गेल्या वर्षी लोक जरा... थकले."
लोक थकले नव्हते. पँथिऑनपाशी अर्धे जण कॉफी प्यायला गेले ते परतले नाहीत, एवढंच.
देबोराला शाळेत मी इतिहासात दोनदा नापास केलं होतं. हे फादरना सांगणं माझं कर्तव्य होतं. ते म्हणाले, "तिनंच सांगितलंय. हसत हसत."
भांडायचं नाही असं ठरवलं आहे. आठवड्याभरात फादर स्वतःच जिना चढून येतील.

१० मार्च
एर्सिलियाला सांगितलं. ही माझ्या खालच्या मजल्यावरची, खाटकाची विधवा. तिला माहिती कशाचीच नसते, मत सगळ्यावर असतं. म्हणाली, "अगं, वर्षातून तो एकच दिवस लोक तुझं ऐकून घेतात. तोही गेला?"
मला स्वतःचं काहीच नको आहे. मला चिंता आहे ती सत्याची.

१५ मार्च
फादर आले नाहीत. जिना त्यांना जड जात असावा.
सहज म्हणून नावोना चौकात गेले. देबोरा पर्यटकांना घेऊन कारंज्यापाशी उभी. लाल कोट, त्याहून लाल ओठ. सांगत होती की नाईल नदीच्या पुतळ्याने तोंडावर वस्त्र ओढलं आहे, कारण समोरचं चर्च शिल्पकाराच्या वैऱ्याने बांधलं आणि ते त्याला बघवत नाही. कारंजं आधी पुरं झालं, त्या माणसाने चर्चचं काम हाती घेतलं नंतर! नाईलचा उगम तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून तोंड झाकलेलं. मी हे शांतपणे सांगितलं. (एर्सिलिया म्हणते, पार पलीकडच्या कोपऱ्यावर ऐकू आलं.)
देबोरा म्हणाली, "मंडळी, या माझ्या शाळेतल्या बाई. अजून पेपर तपासतायत!"
हशा. काही जणांनी माझा फोटो काढला.

१९ मार्च
सेंट जोसेफचा दिवस. एर्सिलिया क्रीम भरलेले तळलेले गोळे घेऊन आली. मी गोड सोडलं आहे. चार खाल्ले, तिला वाईट वाटू नये म्हणून.
निर्णय झाला. त्याच दिवशी, त्याच वेळी, माझी स्वतःची फेरी: 'खरं रोम'. एकही दंतकथा नाही. कॉन्व्हेंटात खोटं बोललं की सिस्टर सेराफिना सुक्या हरभऱ्यांवर गुडघे टेकवायला लावत. देबोराच्या पिढीला हरभरे मिळालेच नाहीत, हे सगळ्या दुखण्याचं मूळ.
गर्दी फार झाली तर काय करायचं, याचा विचार करून ठेवायला हवा.

२८ मार्च
रंगीत तालीम. हजर: एर्सिलिया, पेठेतले निवृत्त औषधवाले सिन्योर बाल्दुच्ची आणि त्यांची पत्नी इओले. बाकीचे पावसामुळे थांबले असणार.
पाऊस मला हवाच होता. पँथिऑनच्या घुमटाला भोक असूनही आत पाणी पडत नाही, ही थाप देबोरा रोज मारते. मी दोरी ओलांडून नेमकी भोकाखाली जाऊन उभी राहिले.
रखवालदार ओरडला, "ओ आजी! बाहेर या! दोरी काय वाळत घालायला बांधलीय?"
मी म्हटलं, हे प्रात्यक्षिक आहे. ओलीचिंब होईपर्यंत जागची हलले नाही.
सिन्योर बाल्दुच्ची म्हणाले, "पटलं, बाई. आता घरी जाऊ या?"
पूर्ण यश.

३० मार्च
ताप. थापेविरुद्ध आणखी एक पुरावा.

६ एप्रिल
दुसरी तालीम. सत्याच्या मुखापाशी रांग. संगमरवरी तोंडात हात घालायचा, खोटारड्याचा हात तुटतो म्हणे. इओले पदर खोचल्यासारखी तयारीने पुढे झाली आणि तिने हात आत घातला. मी तेवढ्यात खुलासा केला की हे बहुधा जुन्या गटाराचं झाकण आहे.
तिने हात काढून घेतला. म्हणाली, "बाई, आम्ही लग्न ठरवलं ते इथं. दोघांनी हात आत घालून."
मी म्हटलं, त्याने गटार बदलत नाही.
सिन्योर बाल्दुच्चींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं निरोप न घेता निघून गेली. सत्य पचायला वेळ लागतो. येतील.
परतताना एर्सिलिया दारात म्हणाली, "तुला काय मिळतं गं यातून?"

११ एप्रिल
बाल्दुच्चींनी देबोराकडे नावं दिली.
आता सभ्यपणाची हद्द झाली. पोपांच्या काळापासून रोमला बोलायचं असलं की ते पास्क्विनोच्या तोंडून बोलतं. त्या हात तुटलेल्या पुतळ्याला कागद चिकटवायचा, नाव घालायचं नाही, सकाळपर्यंत शहर वाचतं. पहाटे जाऊन मी चिकटवून आले:

इतिहास मेला, शोक नको, देबोराबाई आली,
मढ्याला त्या लिपस्टिक लावून चौकात फिरवून गेली.

अक्षर मुद्दाम वाकडं काढलं. ओळखणं अशक्य.

१४ एप्रिल
कागद जागेवर आहे. तासभर समोर उभी राहिले. एक माणूस थांबला. त्याला बुटाची नाडी बांधायची होती. पण बांधताना वर पाहिलं. शहरात चर्चा सुरू झालेली दिसते. फादरवर दबाव येत असणार.

२१ एप्रिल, संध्याकाळी
दहाला माझ्या फेरीच्या जागी पोचले. एर्सिलिया आली. अर्ध्या तासाने म्हणाली, "चल, त्यांच्यात जाऊ. शेवटी वाइन आहे म्हणे." मी केवळ चुका टिपायला म्हणून गेले. फादर म्हणाले, "बरं झालं आलात. तुमच्याइतकं जाणणारं आहे कोण? काही चुकलं तर मला नंतर नक्की सांगा."
सगळी पेठ आलेली. बाल्दुच्ची पुढे, हातात हात.
पास्क्विनोपाशी देबोरा थांबली. "म्हणतात ना, हा म्हातारा आता मुका झाला? मग हे ऐका." आणि माझ्या ओळी खड्या आवाजात वाचल्या.
लोक हसले. पोट धरून हसले. फादरसुद्धा. टाळ्या पडल्या. इतक्या वर्षांत माझ्या एका वाक्याला कोणी असं हसलं नव्हतं. "पुन्हा! पुन्हा!" तिने पुन्हा वाचलं.
सिन्योर बाल्दुच्चींनी विचारलं, "कुणाचं गं हे डोकं?"
देबोराने लोकांच्या डोक्यांवरून थेट माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षं तिच्या वह्यांत हेच अक्षर लाल शाईत होतं. मी ताठ उभी राहिले. उत्तर तयार होतं.
"एक पोरगा आहे," ती म्हणाली. "हिवाळ्यात त्याला मी नाही म्हटलं. तेव्हापासून जळतोय. पण लिपस्टिक बघा कशी लक्षात ठेवलीय मेल्यानं!"
"अगं बाई, बिचारा," इओले म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.
एर्सिलियाने मला कोपराने ढोसलं. "सांग की! धडधडीत खोटं बोलतेय ती."
मी तिला गप्प बसायला सांगितलं.
पुढे उतारावर देबोरा मागे आली आणि तिने माझा दंड धरला. "सांभाळून हं बाई, दगड निसरडे आहेत." एवढंच.
वाइन आंबट होती. फादर पेला घेऊन माझ्यापाशी आले. "काय मग बाई? सांगा, देबोराच्या सांगण्यात काही चूक आढळली?"
मी म्हटलं, नाही.