तिसऱ्या कॉलेजचं गाणं

आई, आधी तुला एक घट्ट मिठी.

मी जॉर्जियात सुखरूप पोचलो. इथला पलंग लांब आहे, पाय बाहेर लोंबत नाहीत. संघातली माझी जागा पक्की आहे असं नव्या कोचनी सांगितलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत नाव घातल्यापासून दुसऱ्या कॉलेजांच्या कोचचे फोन सारखे येतायत, असं मी तुला सांगायचो ना? थाप होती ती. एकोणीस दिवस कुणीही विचारलं नाही. आता झालंय सगळं नीट, रागावू नकोस.

गाद्यांच्या दुकानाची जाहिरातही मिळाली. करार आपल्या चर्चमधल्या वकीलकाकांना दाखवूनच सही केली. हायवेवरच्या फलकावर मी गादीवर घोरताना दिसणार आहे.

काल मात्र फजिती झाली. इथे नव्या खेळाडूला जेवताना सगळ्यांसमोर खुर्चीवर उभं राहून कॉलेजचं गाणं म्हणावं लागतं. मी छाती फुगवून सुरुवात केली, ती गेल्या वर्षीच्या कॉलेजच्या गाण्याने! म्हणजे यांच्या हाडवैऱ्यांच्या.  मग कॅप्टन कोल्टन ओरडला, "उतर खाली, गाढवा! कोंबडी गार होतेय. गाणं मी शिकवतो तुला." आणि त्याने शेजारची खुर्ची ओढली.

लोरेटा मावशीचा गुडघा कसा आहे?

माझ्या सामन्यांना घालायला तीन वर्षांत तिसऱ्या कॉलेजच्या रंगाचा शर्ट घ्यावा लागणार तुला. या वेळी चांगल्यातला घे. धुऊन धुऊन विटेपर्यंत घालायचाय.

तुझाच,
जर्मेल