राउटर बरा आहे

बाळ्या,

राउटरवाला येऊन गेला. मागची वायर सैल होती, ती त्याने घट्ट बसवली. आता हिरवा दिवा लागतोय. उगाच बंद-चालू करत बसू नकोस.

तरीही आईला पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक आली, म्हणून मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, तो फोन या वायफायवर नाहीच." मग सूनबाईला विचारलं. ती बिचारी रडायलाच लागली. नवा फोन घेताना तू आईचा बदल्यात देऊन टाकलास, हे तिने सांगितलं.

आई गेल्यापासून तिचा फोन तुझ्या खोलीत चार्जिंगला असतो, असं तू मला सांगत होतास. "जेवलो, गोळी घेतली," एवढंच मी तिला कळवायचो. ती वाचत नाही हे मला समजतं, मी काही वेडा नाही. पण दोन टिक दिसल्या की पोचलं असं वाटायचं.

मागितला असतास तर कदाचित दिलाही असता. पण तू म्हणालास, "बाबा, राउटरच गंडलाय." सिग्नल मिळावा म्हणून मी तो वरच्या फळीवर ठेवायला चढलो, तेव्हा खाली स्टूल तूच धरलं होतंस. "सांभाळून," म्हणालास. खरं काय ते तेव्हाही बोलला नाहीस.

मी तुझ्या आत्याकडे जातोय. तुझं जेवण झाकून ठेवलंय. पोचलो की सूनबाईला कळवीन.

बाबा