कवठ्याच्या विहिरीचं पाणी

तीर्थरूप आईस,

सांगलीहून गंगाधरचा दंडवत. मी धडधाकट आहे. थोडा खोकला आहे, पण तो स्मशानातल्या धुराचा, त्याचा बाऊ करू नकोस. माझा टेम्पो सध्या करोनाने गेलेल्यांना पोचवतो, हे तुझ्या कानावर आलंच असेल. उंब्रजात काय लपतंय!

काल स्मशानाच्या फाटकाशी एक बाई पाण्याचा कॅन घेऊन उभी होती. बोलण्यावरून ओळखलं, कवठे महांकाळकडची. तिच्या वडिलांना आम्ही नुकतंच आत नेलं होतं. घरच्यांना आत सोडत नाहीत.

"आवं दादा, आमच्या हिरीचं पानी हाय. आण्णांनी सोताच्या हातानं खांदलेली हीर. तेवढं त्यांच्या तोंडात घाला."

देह बांधलेली पिशवी उघडता येत नाही, हे तिला कसं सांगायचं? चिता रचणारे गुंडाभाऊ पुढे झाले. "ताई, हेच पानी मडक्यात भरतो आन् मडकं खांद्यावर घिऊन त्यांच्याभवती फिरतो. चालंल?"

तिने मान हलवली. मग आत ओळीने ठेवलेल्या बाकीच्यांकडे बघत म्हणाली, "उरलं तर त्यांच्यावर बी शिंपडा. त्यांच्या घरचं कोण आलं नसंल."

आई, त्या दुष्काळी भागात ऐन उन्हाळ्यात एवढं पाणी म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. ते सगळ्यांना पोचवलं. कॅन परत देताना तिच्या पाया पडावंसं वाटलं. वयाने माझ्याहून लहानच असेल. अंतर ठेवायचं, म्हणून लांबूनच हात जोडले.

तुझी लस झाली का? शरयूला बाजारात पाठवू नकोस, दादाने बजावलंय म्हण.

तुझा,
गंगाधर