सूर्याच्या मरणाचा अर्धा धडा

बाई, तुमचा उजवा हात पुढे कधी सरळ झाला का, ते मला कळलंच नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेही उशिरा.

पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात तुम्ही विज्ञान शिकवायला आलात तेव्हा मी सातवीत होते. त्या चैत्रात ऊन असं पेटलं होतं की उभ्या केळी करपल्या. गावात दोन माणसं ऊन लागून गेली. त्यातला एक माझा काका, माझ्या वडिलांचा, आबांचा, धाकटा भाऊ. अशा दिवसांत, सकाळच्या शाळेत, तुम्ही फळ्यावर सूर्य काढलात. त्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होतं, त्या उष्णतेनं तो आतून तोलून धरलेला असतो. हायड्रोजन संपला की गाभा स्वतःच्याच वजनाखाली चेपतो, आणखी तापतो, आणि बाहेरचा भाग फुगून तांबडा होतो. तो बुध गिळतो, शुक्र गिळतो. "आणि पृथ्वी?" मी विचारलं. "बहुधा तीही. नाही गिळली तरी समुद्र उकळून जातील, दगड वितळतील." तेवढ्यात घंटा झाली. हे कधी होणार, ते सांगायचं राहिलं. आम्ही पोरांनी तेवढाच धडा घरोघरी नेला. संध्याकाळपर्यंत पारावर त्याचा शाप झाला होता. तुम्ही बौद्ध, हे गाव कधी विसरलं नव्हतंच. ज्यांच्या घरात देव नाहीत त्यांनी आमच्या पोरांना सूर्यनारायणाचं मरण सांगावं का, असं माणसं बोलू लागली.

दुसऱ्या दिवशी आबा वर्गात शिरतात, मागे चार-पाच जण, हातात बैलांची पराणी. "बाई, सूर्य मरी जाई, बठ्ठा जळी जातीन, अस सांगं तू पोरेसले?" तुम्ही खडू खाली ठेवता. "सांगितलं, भाऊ. पण त्याला अजून पाचशे कोटी वर्षं आहेत. कालचं पुरं ऐकून तर घ्या." "मना भाऊ उनमा मरना," आबा म्हणतात, आणि पराणी उतरते. पहिला तडाखा फळ्यावर, दुसरा तुम्ही आडव्या धरलेल्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला मागच्या बाकावर ऐकू आला. तुम्ही पडलात तरी मागच्यांपैकी एकानं लाथ घातली. हेडमास्तर दारात उभे राहून "पुरे, पुरे" म्हणत होते. मी किंचाळले तशी आबांची नजर माझ्यावर गेली. वेणी धरून त्यांनी मला भर रस्त्यातून फरफटत घरी नेलं आणि तिथेही मारलं. आई मध्ये पडली, तर एक फटका तिच्या कानावर बसला. त्या कानानं तिला पुन्हा नीट ऐकू आलं नाही.

तुम्ही तक्रार दिलीत. साक्षीला कुणी उभं राहिलं नाही. माफी मागा, प्रकरण मिटवू, असं तुम्हालाच सांगण्यात आलं. ती तुम्ही मागितली नाही, आणि प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून वर्गावर आलात. आबा मळ्यात गेल्यावर आईनं माझ्या हातात दप्तर दिलं. "जाय. अर्धं आयकेल शे, पुरं आयकी ये."

अर्ध्याहून जास्त बाकं रिकामी होती. डाव्या हातानं तुम्ही वाकडातिकडा गोल काढलात. सूर्य फुटणार नाही, तेवढं वजन त्याच्यात नाही. फुगलेले थर तो अवकाशात भिरकावून देतो आणि मागे उरतो पृथ्वीएवढा पांढराशुभ्र गाभा, श्वेत बटू. त्यात नवीन काही जळत नाही, तो फक्त निवत जातो. "त्या सूर्यापासून आपल्याला काही भय नाही," तुम्ही म्हणालात. जूनमध्ये तुमची बदली दोंडाईच्याला झाली.

आबांनी त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. थकल्यावर ते धुळ्याला माझ्याकडेच होते. शेवटी शेवटी मी त्यांना हातानं भरवलं, आणि ते गेल्यावर रडलेही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. मी आता तुमचाच विषय शिकवते. आज नववीला सूर्याचा धडा घेतला, पण सुरू करण्याआधी उठून वर्गाच्या दाराला आतून कडी घातली. दरवर्षी घालते.